दोन पानांना घातलेला कच्चा टाका

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेल. उघडलं नसेल तर आईसमोरच उघड, आणि तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला सविस्तर कळव. तुझ्या नेहमीच्या दोन ओळींत गुंडाळू नकोस. फोनवर सांगायची फार उबळ आली होती. पण फोन आईच्या उशाशी, आणि डोळे अधू झाल्यापासून तिचे कान इतके तिखट झालेत की तू तिकडे नुसतं ‘हं’ म्हणालीस तरी ती विचारते, कोणाला हं म्हणालीस. म्हणून पत्र.

तर ऐक. माझं पुस्तक मराठीत आलं! इथल्या भाषेत आलं तेव्हा आईने काय केलं होतं ते आठवतंय ना? हातात घेतलं, पाठीचा दोरा नखाने ओढून पाहिला आणि ‘शिवण चांगली आहे’ असा अभिप्राय दिला. आतलं एक अक्षरही तिला कळणार नव्हतं. चाळीस वर्षं या देशात काढून तिची भाषा ‘कंबर’, ‘लांबी’ आणि ‘उद्या या’ यापुढे सरकलेली नाही. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मीच मायदेशातल्या एका प्रकाशकाच्या मागे लागले. त्यांनी चांगला अनुवादक शोधला. अक्षर मोठं घ्या, माझ्या आईला भिंगाने वाचता आलं पाहिजे, असं मी त्यांना बजावून बजावून सांगितलं.

अर्ध्या कविता आहेत, अर्ध्या आठवणी. बाबा आहेत, आई आहे, आपली ती एका खिडकीची खोली आहे. तू सांगितलेल्या गोष्टींचा मला किती उपयोग झाला, काय सांगू! आभाराच्या पानावर तुझं नाव सगळ्यात वर आहे, प्रकाशकाच्याही वर. मूळ पुस्तक तू ‘दुकानातून वेळ मिळाला की’ म्हणत कपाटात ठेवून दिलंस, मला माहीत आहे. आता मराठीत आहे, आता सबब चालणार नाही. आईला वाचून दाखव, म्हणजे तुझंही वाचून होईल.

आणखी एक. एप्रिलमध्ये तुमच्याकडच्या मोठ्या वाचनालयात माझं वाचन ठरलंय. आईला पहिल्या रांगेत बसवायचं आहे. तिला काय घालायचं ते आत्तापासून बघून ठेव, नाहीतर ती आयत्या वेळी दुकानातला अंगरखा चढवून येईल, खिशात टेप आणि बाहीला सुया टोचलेल्या.

इकडे महाविद्यालयात परीक्षा चालू आहेत. ह्यांचा गुडघा दुखतो आणि तोंड चालतं, म्हणजे सगळं ठीक आहे.

लोभ तुझा आहेच, या पुस्तकापुरता थोडा वाढव, ही विनंती.

तुझं
शेपूट


२० फेब्रुवारी

चि. शेपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. बाकीचं पत्र वाचून झालं की ते ठेवायचे की परत करायचे ते तूच ठरव.

आधी तू मागितलेली बातमी. पार्सल आईसमोरच उघडलं. तिने पुस्तकाचा वास घेतला, मुखपृष्ठावरून तळहात फिरवला आणि तुझं नाव कुठे छापलंय ते माझ्या बोटाने दाखवायला लावलं. मग एवढंच म्हणाली की ह्यांनी हे बघायला हवं होतं. तेव्हापासून जो कोणी वर येईल त्याच्या हातात ती पुस्तक देते आणि मधलंच कुठलंही पान काढून मोठ्याने वाचायला सांगते. मराठी येणारी इथे चारच घरं, म्हणून गिऱ्हाइकं बचावली. दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र सापडल्या. त्यांना काय, आयतंच व्यासपीठ मिळालं. दाढ उपटताना धीर देतात त्या आवाजात कविता वाचतात.

मी रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून वर येते आणि आईला थोडं थोडं वाचून दाखवते. बाबांचं प्रकरण वाचलं. तिकडे शाळेत कविता शिकवणारा माणूस इकडे शीतगृहात खोकी उचलतो, आणि बोटं बधिर झाली की मनातल्या मनात वृत्तं म्हणतो. तिथे मी पुस्तक उलटं ठेवलं. आईने पाणी आणून दिलं. सुंदर लिहिलंयस, ते मी नाकारणार नाही.

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. शीतगृहाच्या फाटकाशी बाबांचा डबा घेऊन उभी राहणारी ‘मी’. सरकारी खिडकीपुढे टाचा उंचावून आईच्या वतीने बोलणारी ‘मी’. घरमालकिणीला दारातच थोपवणारी ‘मी’. अगं बये, ती मी आहे! तू तेव्हा रांगत होतीस. अख्ख्या पुस्तकात बहीण नावाचं माणूस नाही. आभाराच्या पानावर माझं नाव वर आहे खरं. लग्नात नवरीलाच उठवून पाहुण्यांत पहिली खुर्ची द्यावी, तसं आहे ते. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ खणणाऱ्याचे आभार मानणारा नागोबा पहिल्यांदाच पाहिला.

तेही मी गिळलं असतं. माझे फ्रॉक तुला, माझं दप्तर तुला, माझ्या सायकलीची घंटासुद्धा तुला. एक बालपण गेलं तर काय मोठंसं, असं म्हणून हसले असते. पण मग ‘बटणं’ ही कविता आली. नशीब की मी ओठांच्या आधी डोळ्यांनी वाचते. तू लिहिलेलं तुलाच उतरवून पाठवते:

बाई म्हणाली, हिच्या हाती कात्री देऊ नका.
बटणं लावू दे. तीही जमली तर.
आईने माझ्याकडे पाहिलं.
दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावर मी,
उंची तिच्या कोपराएवढी.
म्हटलं, आई, असा हात
त्यांनी पाहिला नाही म्हणे.
त्या दिवसापासून आमचं घर
माझ्या एका थापेवर उभं आहे.

शेपटे, ही गोष्ट मी तुला कधी सांगितली होती, आठवतं? तुझ्या कविता सगळीकडून साभार परत आल्या होत्या. तू अंथरुणातून उठत नव्हतीस. मी दुकान बंद ठेवून तुझ्या खोलीवर आले होते. तुला उभं करायला म्हणून सांगितली. बाबा कामावर, म्हणून आईबरोबर कपड्यांच्या कारखान्यात दुभाषी म्हणून गेले मी, नऊ वर्षांची. तू चिंध्यांच्या टोपलीत झोपलेलीस. तुझं त्या दिवसातलं योगदान एवढंच की मधेच उठून भोकाड पसरलंस. आईने नमुन्याची कॉलर शिवली. चष्मेवाल्या मुकादमबाईने ती दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि जे काही बोलली ते तू लिहिलंच आहेस. मी आईच्या बाहीला धरून उभी होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा तो चेहरा बघून खरं सांगायला माझी जीभ वळेना. म्हटलं, असा हात पाहिला नाही म्हणतात, फक्त सुरुवात बटणांपासून करायची, ही इथली पद्धत आहे.

त्या वाक्यावर आई जी ताठ झाली ती अजून वाकलेली नाही. बटणं लावायची तर अशी लावली की वर्ष फिरायच्या आत त्याच चष्मेवालीने तिला कॉलरींवर बसवलं. पुढे कपडे दुरुस्तीचं स्वतःचं दुकान, हाताखाली शिकायला मुली. प्रत्येक नव्या मुलीला आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती अजून तो दिवस सांगते. ती मराठीत सांगते आणि मी शेजारी उभी राहून भाषांतर करते: पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, असा हात पाहिला नाही. आईजवळ दागिना म्हणावा असा तो एकच आहे.

तुला सांगून झाल्यावर मी म्हटलं होतं की हे पोटात ठेव, आई आहे तोवर तरी ठेव. तू हो म्हणून मान हलवलीस. ती मान हलवलेली मला अजून दिसते. केसाने गळा कापलास गं. माझं घेतलंस ते घेतलंस, पण आईचं काढून चव्हाट्यावर मांडलंस. आणि मराठीत आणलंस ते कोणाला वाचता यावं म्हणून, तर तिलाच!

आईला मी ती कविता वाचून दाखवली नाही. त्या जागी चंद्र, वारा, वाट असं काहीबाही मनाने रचून म्हटलं. आई म्हणाली की ही जरा कच्ची वाटते, धाकटीने घाईत लिहिली असेल. तेवढा सूड माझ्या नशिबात होता.

मग मला डॉक्टरीणबाई आठवल्या. पानं फाडावीत म्हणून हात घातला, पण फाडवेना. कितीही झालं तरी तुझं पुस्तक. ती कविता समोरासमोरच्या दोन पानांवर आहे, म्हणून त्या दोन पानांना कडेने कच्चा टाका घालून ती बंदच करून टाकली. माझा टाका कसा असतो ते तुला ठाऊक आहे. जन्म शिवणाच्या दुकानात गेला आणि मला सरळ टाका येत नाही. मी आपली गल्ल्यावर बसून बोलणारी.

एकच मागते. वाचनालयात ती कविता घेऊ नकोस. आईला भाषा कळत नाही, पण माणसं कळतात. कार्यक्रम संपला की लोक तिच्याशी बोलायला येतील. मी कुठवर आड येणार?

लोभ आटलेला नाही, पण तळ दिसायला लागलाय. सांभाळून पाय टाक.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वर्गावर गेले आणि काय शिकवलं ते आठवत नाही. मी आधी एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. त्यात कवितेतला ‘मी’ आणि जगातला ‘मी’ वेगळा असतो वगैरे होतं. ते ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की हे तुझ्या विद्यार्थ्यांना दे, बहिणीला पाठवू नकोस. म्हणून फाडलं.

खरं सांगू? आधी मी लिहिताना ‘ताई’ असंच लिहिलं होतं. ताई फाटकाशी उभी राहिली, ताई खिडकीपाशी बोलली. संपादक म्हणाल्या की सांगणारी नुसती ऐकीव सांगते आहे, मग वाचक तिच्यावर विश्वास का ठेवेल? मी एका पानावर ‘ताई’ खोडून ‘मी’ करून पाहिलं, आणि ते पान एकदम चालायला लागलं. मग सगळीकडे केलं. त्याची मला लाज वाटायला हवी होती. पण लिहिताना वाटत होतं की मी अखेर घरात शिरले.

तुला हे कधी कळायचं नाही. जेवताना तुम्ही तिघं ‘तेव्हा’ म्हणून सुरुवात करायचात. तेव्हाची खोली, तेव्हाची थंडी, तेव्हाचा कारखाना. सगळे हसायचात, सगळ्यांचे डोळे एकदम भरायचे, आणि मी ताटाकडे बघत बसायचे. माझ्याकडे तिकडचं काही नाही आणि इकडचं पहिलंवहिलंही काही नाही. मी टोपलीत झोपलेली. तुझ्याकडे दोन देश आहेत, ताई. मला एकही पुरता मिळाला नाही, म्हणून तुझ्यातला ओढून घेतला. ही सबब नाही. पण आहे हे असं आहे.

आता ‘बटणं’बद्दल. इथल्या भाषेत लिहिली तेव्हा वाटलं, आईपर्यंत कुठे पोचतेय. मग मराठीत करायची ठरली तेव्हा मी आईला पुस्तक वाचताना डोळ्यांपुढे आणत होते आणि त्यात ती फक्त खूश होत होती. ती कविता वाचताना तिला मी कधी डोळ्यांपुढे आणलंच नाही. लोकांना ती सगळ्यात जास्त आवडते. त्या आवडण्याने डोळे फिरले म्हण.

वाचनालयात ती वाचणार नाही. आईची शपथ. बाबांचं प्रकरण वाचेन आणि खिडकीची कविता वाचेन. आईला घेऊन ये. तू टाका घातलास ते चांगलं केलंस.

रागावलीस तरी पत्र टाकत जा. तुझं रागाचं पत्रही माझ्या लाडाच्या पत्रापेक्षा चांगलं उतरतं, हे मत्सराने लिहीत आहे.

तुझं
शेपूट


१७ एप्रिल

धाकटीस,

मायना सुचत नाही, क्षमस्व.

कार्यक्रम संपल्यावर तू माणसांच्या गराड्यात सह्या देत होतीस आणि मग गाडीला उशीर होतो म्हणून आईला मिठी मारून निघून गेलीस. त्यामुळे पुढे काय झालं ते तुला माहीत नाही. ते माहीत करून द्यावं म्हणून लिहिते आहे, संबंध वाढवावा म्हणून नाही.

आईने निळी साडी नेसली होती. सकाळपासून तीनदा विचारलं की धाकटी मला ओळखेल ना एवढ्या लोकांत. पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तू बाबांचं वाचलंस. खिडकीची कविता वाचलीस. मी निवांत झाले होते. मग ग्रंथपाल उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ‘बटणं’ ऐकल्याशिवाय आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवून नको म्हटलं. तू पाहिलंस, मी नको म्हटलेलं तू पाहिलंस, आणि पुस्तकाची पानं उलटायला लागलीस.

एवढंच करून थांबली असतीस तरी चाललं असतं. वाचायच्या आधी तू म्हणालीस की आज माझी आई इथे बसली आहे. सगळं सभागृह आईकडे वळलं. आईला वाटलं, कौतुक चाललंय. तिने हात जोडले. मग तू वाचलंस, आणि तुझा एकेक शब्द पडत होता तसतसे लोक तिच्याकडे बघत होते, रस्त्यात पडलेल्या माणसाकडे बघतात तसे. आई सगळ्यांकडे बघून हसत होती. शेवटी सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या अपमानाला टाळ्या वाजवणारी आई मी शेजारी बसून पाहिली.

बाहेर निघताना एका बाईने तिचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाली की तुमचा केवढा अपमान झाला होता आणि तुम्हाला कधी कळलंसुद्धा नाही. आई माझ्याकडे वळली आणि विचारलं, काय म्हणते गं ही? डॉक्टरीणबाई परगावी होत्या, तेवढीच देवाची कृपा. मी आईची बाही धरली आणि सांगितलं, म्हणते की असा हात तिने पाहिला नाही.

पन्नाशी आली माझी. पुन्हा त्याच उंबऱ्यावर उभी राहिले आणि पुन्हा तेच वाक्य बोलले. पहिल्यांदा चष्मेवालीपासून आईला वाचवायचं होतं. या वेळी तुझ्यापासून.

घरी येताना आई गप्प होती. दमली असेल. तिच्या कानांत अजून तुझ्या टाळ्या असतील, त्या तशाच राहू देत. तू आईची शपथ घेतली होतीस. आईची शपथ मोडून आईसमोरच कविता वाचणारी तू पहिलीच असशील. डॉक्टरीणबाईंनी परवा मला विचारलं की धाकट्या मुलीने लहानपणी केवढं सोसलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात? मी म्हटलं, दुकानात होते.

आईला फोन करत जा, ती वाट बघते. मला पत्र टाकू नकोस. लोभाचं काय ते मी आत्ता लिहू शकत नाही.

ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकू नकोस म्हणालीस तरी टाकते आहे. वाचलं नाहीस तरी चालेल.

तू नको म्हटलेलं मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं खोटं लिहिता आलं असतं, ते लिहीत नाही. टाळ्या चालू होत्या आणि माझा हात आपोआप त्या पानावर गेला. आई समोर आहे हे मी विसरले नव्हते. उलट ती समोर आहे म्हणून कविता आणखी चांगली होईल, असं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे.

आता एकच उपाय सुचतो. मी येते. आईला शेजारी बसवून सगळं खरं सांगते, तिची माफी मागते, तुझी मागते. ती थाप माझी नव्हे, तुझी होती, तू नऊ वर्षांची असताना काय केलंस ते तिला कळू दे. पुढचं पुस्तकही मी मनाशी ठरवलं आहे. ते तुझ्यावर असेल. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ताई. जे काढून घेतलं ते सगळं परत लिहून देईन. आईला आज फोनवर म्हटलं आहे की मला तुला काहीतरी सांगायचंय, मेच्या मध्याला येते.

एवढी संधी दे. लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझं
शेपूट


९ मे

चि. धाकटीस,
आईचे आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. भिंग एका हातात आणि पेन एका हातात, असं लिहिते आहे. कागद सरकतो म्हणून त्यावर कात्री ठेवली आहे. मोठी खाली दुकानात असते तेव्हा थोडं थोडं लिहिते. पत्र डॉक्टरीणबाई टपालात टाकतील. त्यांना सांगितलं आहे की लेकीला औषधाची चिठ्ठी पाठवते.

फोनवर म्हणालीस की काहीतरी सांगायचंय, येते. आवाजावरून मला कळलं काय सांगायचंय. ये, पण ते सांगू नकोस. मला माहीत आहे.

वाचनालयात त्या बाईने माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कौतुक करणाऱ्याचे हात असे थरथरत नाहीत गं. मी मोठीला विचारलं. तिने माझ्या बाहीचं टोक धरलं, हलकेच ओढलं आणि म्हणाली, असा हात पाहिला नाही म्हणते. तिला कळलंही नसेल, पण कारखान्यात लहानपणी तिने असंच बाहीचं टोक ओढलं होतं आणि हेच शब्द बोलली होती. तेव्हा मला काही कळलं नाही. त्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर दोन्ही एकदम कळलं.

घरी येऊन तुझं पुस्तक घेतलं. बोटाला टाका लागला. डोळे गेलेत, बोटं गेली नाहीत. मोठीचा टाका मी झोपेतही ओळखेन, डावीकडे कलतो आणि गाठ ही एवढी मोठी. मी तो उसवला. मग तिची दुकानाची वेळ बघून भिंगाने एकेक शब्द वाचला. तुझ्या कवितेत छोटे छोटे शब्द आहेत ते बरं झालं.

वाईट वाटलं. तुला बरं वाटावं म्हणून नाही कशाला म्हणू? फार वाईट वाटलं. चष्मेवालीचं नाही. ती बाई मातीत गेली, आणि कॉलर खरंच वाकडी झाली असेल, माझे हात कापत होते. पण आयुष्यभर मी एक वाक्य अंगावर मिरवलं. कोणी काही बोललं की मनात म्हणायचे, बोल बाई, पहिल्याच दिवशी माझा हात पारखलेला आहे. ते वाक्य माझ्या लेकराने भीतीने माझ्या हातात दिलं होतं, हे मला म्हातारपणी भिंगातून कळावं, आणि तेही लोकांनी टाळ्या वाजवून झाल्यावर? तू मला आधी विचारायचं होतंस. नाही तर निदान माझ्यासमोर वाचायचं नव्हतंस. मी हात जोडले होते गं. त्या दिवसापासून बटण हातात घेतलं की माझा हात थांबतो.

एक गंमत सांगते. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मी म्हणत आले की असा हात पाहिला नाही. त्यांचे टाके बघवायचे नाहीत! खोटंच सांगायचे, त्या उभ्या राहाव्यात म्हणून. सगळ्यांना खोटं सांगितलं आणि मला सांगितलेलं मात्र खरं समजले. माझी मोठी नऊ वर्षांची असताना जे शिकली ते मला पन्नास वर्षांची झाल्यावर सुचलं.

तुझं पुस्तक मोठीचं आहे, हेही कळलं. बाबांचा डबा कोण नेत होतं हे मी विसरले नाही. तू टोपलीत होतीस. पुस्तकात काय छापलंय त्याने मला फसवता येणार नाही. हे तिला मी माझ्या परीने सांगेन, पुस्तकाचं नाव न काढता.

आता मुख्य गोष्ट. मला कळलंय हे मोठीला कळता कामा नये. ते एक वाक्य सांभाळण्यात तिचा जन्म गेला. सांभाळून उपयोग झाला नाही, असं तिला या वयात कळलं तर ती मोडेल. म्हणून वाचून झाल्यावर मी ती दोन पानं पुन्हा शिवली. तिच्यासारखी. प्रत्येक टाका डावीकडे कलता, गाठ मोठी. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं शिवलं आणि चार वेळा उसवावं लागलं, सारखा सरळच येत होता. काल तिने पुस्तक उचललं, कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि निश्चिंत होऊन खाली गेली. दुपारी नवी मुलगी आली शिकायला. मी जिन्यातून मोठ्याने तिला तो पहिला दिवस सांगितला, चष्मेवालीसकट. मोठीने सगळं भाषांतर केलं. तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला होता.

तू येशील तेव्हा तिच्यासमोर मला विचार, आई, पहिल्या दिवशी बाई काय म्हणाल्या होत्या? मी सांगेन. तू ऐक आणि हस. माफी मागायची ती तेवढीच.

परवाच्या फोनवर म्हणालीस की पुढचं पुस्तक ताईवर लिहिणार. लिही, तिचं तिला दे. पण हे पानं उसवून पुन्हा शिवल्याचं त्यात घालू नकोस. मी असताना नाही आणि मी गेल्यावर मोठी असेपर्यंत नाही. तुझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे, हे छान उतरेल असं वाटेल.

मोठीने तुला विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती. आता मी एक सांगितली आहे. बघू.

तुझी
आई